लाकडी तोफा

दुपारी दूध आणायला खाली उतरलो, तर पार्किंगमध्ये दिवाळीचा किल्ला अर्ध्यावर आला होता. कोपरापर्यंत चिखलात माखलेलं दुसरीतलं एक पोरगं दुसऱ्याला दटावत होतं, "तटाला हात लावू नको, ओला आहे, ढासळेल!" याच्या आईची कायमची तक्रार, मराठीच्या वहीत दोन ओळी लिहायला हा तासभर पेन चावत बसतो.

आमच्या पंचवटीतल्या वाड्यात दरवर्षी रामशेजच व्हायचा. शिवनेरी, प्रतापगड पुण्याच्या पोरांनी करावेत. आमचा हा नाशिकजवळचा, पेठ रोडवरचा. विटा रचा, पोती टाका, माती थापा, अळीव पेरा, इथवर सगळे सारखे. पण लोक बघायला आले की माहिती सांगायचा मान थोरल्या चुलतबहिणीचा. ती हात मागे बांधून सुरू करायची: "१६८२ साली मोगलांनी वेढा घातला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून किल्लेदाराने लाकडाच्या केल्या आणि वरून कातडं चढवलं."

पहिल्याच दिवशी शेजारच्या आजोबांनी विचारलं, "लाकडाच्या? मग पेटत नव्हत्या का गं?"

ताई गप्प. पाठ केलेल्यात हे नव्हतं. पण पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत कातडं भिजवून घेतलेलं होतं. भाऊबीजेपर्यंत पखाली वाहणारी माणसं आली, त्यांच्यावर ओरडणारी किल्लेदाराची बायको आली. इतिहासाचं काय झालं असेल ते असो, गोष्ट मात्र फर्मास झाली होती.

बाजारात हल्ली प्लास्टरचा तयार किल्ला मिळतो. त्याच्याबद्दल पोरांनी काय सांगायचं, किंमत? आणि माती थापलेल्या किल्ल्यासमोर तरी थांबतंय कोण? 'वा, छान!' म्हणायचं, फोटो काढायचा, की लिफ्ट.

मी मुद्दाम शंका काढतो. परवा मागच्या गल्लीत विचारलं, "वर प्यायला पाणी कुठलं?" पाचवीतली असेल, म्हणाली, "टाकं आहे ना काका, खडकात खोदलेलं." म्हटलं, दिसत तर नाही. तिने दाखवायला पोतं उचकटलं आणि अख्खा बुरूज खाली आला. त्या गल्लीत सध्या माझं नाव काढायची सोय नाही.