लँकेस्टरचं कापड दारात नेऊन बघावं

कोल्हापूरची मावशी सध्या आमच्याकडे आली आहे. न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन तिला तिच्या मुलाने आधीच दाखवलं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मला तिला न्यायचं होतं पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत, कापड घ्यायला. आम्ही राहतो त्या न्यू जर्सीतल्या एडिसनहून दोन-अडीच तासांचा रस्ता. मी क्विल्ट शिवते आणि मावशीने आयुष्यभर गोधड्या शिवल्या आहेत, त्यामुळे वाटेत विषयाला तोटा नव्हता.

रूट ३४० वरची बर्ड-इन-हँड आणि इंटरकोर्स ही गावं पर्यटकांनी गजबजलेली असतात. बसच्या बस उतरतात. मोठ्या दुकानांत कापडाचे इतके तागे, की कुठून सुरुवात करावी कळत नाही: फुलाफुलांचं, चौकडीचं, बाटिक, नाताळचं वेगळं, लहान मुलांचं वेगळं. मला हवं होतं साधं, एकरंगी सुती. आमिश, म्हणजे वीज-मोटारींपासून दूर, साधेपणाने राहणारा इथला ख्रिस्ती पंथ. त्यांच्या क्विल्टचं सगळं तेज एकरंगी कापडात आहे. जुन्या लँकेस्टर क्विल्टमध्ये छापील कापड जवळजवळ दिसतच नाही. मधोमध टोकावर उभा केलेला मोठा चौकोन, भोवती रुंद पट्ट्या, कोपऱ्यांत चौकटी, झालं. याला ‘सेंटर डायमंड’ म्हणतात. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने अमेरिकन क्विल्ट चित्रांसारखे भिंतीवर लावून प्रदर्शन भरवलं. त्यानंतर या साध्या क्विल्टना संग्राहकांची अशी मागणी आली, की व्यापारी शेतकऱ्यांच्या घरोघरी फिरून पेट्यांतले जुने क्विल्ट विकत घेऊ लागले.

तर मला हवे होते तीन रंग: वांगी, गुलबक्षी आणि एक गर्द मोरपंखी. मोठ्या दुकानांतल्या ट्यूबलाइटखाली वांगी आणि काळा सारखेच दिसत होते. मावशी म्हणाली, “इथे नको घेऊस. घरी गेल्यावर वेगळंच निघेल.”

मग मुख्य रस्ता सोडला. शेतांमधून जाताना एका फाटकावर हाताने रंगवलेली पाटी दिसली: कापड मिळेल, रविवारी विक्री नाही. घराला लागून बांधलेली लांबट खोली, बाहेर करड्या रंगाच्या दोन घोडागाड्या. लँकेस्टरच्या आमिश लोकांच्या गाड्या करड्या, आणि याच भागातल्या घोडागाडीवाल्या मेनोनाइट या जवळच्याच ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या काळ्या. हे कळलं की रस्त्यावर कोण चाललंय ते लांबूनही ओळखता येतं. कपड्यांवरूनही कळतं. आमिश बायकांचा झगा एकरंगी, त्या मेनोनाइट बायकांचा बारीक फुलांचा.

दुकानात वीज नव्हती. छतात काचेच्या चौकटी, दोन्ही बाजूंना खिडक्या, आणि जो काय उजेड येईल तो. आत गेल्यावर पहिल्यांदा डोळ्यांना काही दिसेना, मग हळूहळू रंग वर आले. हे दुकान आमच्यासारख्यांसाठी मांडलेलं नव्हतं. क्विल्टच्या सुतीशेजारी झग्यांचं कापड, टोप्यांसाठी पांढरी तलम ऑर्गंडी, पुरुषांच्या विजारींचं जाड काळं कापड, पट्टे, गवती हॅट आणि टाचण्यांच्या डब्यांची रास. इथल्या बायका झगा टाचण्यांनीच बंद करतात. एक आजी दोन नातींना घेऊन आल्या होत्या आणि निळ्याच्या दोन छटांवर त्यांची पेनसिल्व्हेनिया डचमध्ये, म्हणजे त्यांच्या जर्मन बोलीत, चर्चा चालली होती. कोणी आमच्याकडे वळून पाहिलं नाही, कोणी हसून स्वागत केलं नाही. मला हे फार आवडलं. गिऱ्हाईक म्हणून आलात, तर कापड बघा.

मी वांगी रंगाचा तागा काढला आणि मावशी सवयीने म्हणाली, “अगं, दारात आण.” महाद्वार रोडवर तिने प्रत्येक साडी अशीच घेतली आहे. मला जरा संकोच वाटला. पण काउंटरमागच्या बाईने तोवर दुसरा तागा उचललाही होता आणि ती आमच्या आधी दारात जाऊन उभी राहिली. तिने दोन्ही कापडांचं टोक उन्हात धरलं. एक वांगी लालसर होता, दुसरा निळसर. आत दोन्ही एकच दिसले असते. मावशीने निळसर तागा बोटांत चुरगळून सोडला, घडी मोडते का बघितलं आणि मान डोलावली. त्या बाईनेही डोलावली. गुलबक्षी असाच मिळाला. मोरपंखीला मात्र बराच वेळ लागला, चार तागे दारात आले आणि गेले.

मग तिने विचारलं, काय करणार? मी वहीतला नकाशा दाखवला. बाहेरची पट्टी बारा इंचांची धरली होती. तिने पेन्सिलने बाजूला आकडे मांडले. कापडाचा पन्हा चव्वेचाळीस इंच. बारा इंचाच्या तीनच पट्ट्या निघतात, चौथीसाठी अख्खा नवीन लांब तुकडा घ्यावा लागतो. पट्टी साडेदहाची केलीत तर अडीच वारात चारही निघतात, उभ्या धाग्यात, मध्ये जोड नाही. चौकोन थोडा मोठा करा म्हणजे माप जुळेल. जास्त कापड खपलं असतं, त्यावर तिने आपणहून पाणी सोडलं. याला मी सचोटी म्हणते, आणि त्यासाठी मी पुन्हा तिथे जाईन.

कात्रीने काठावर एक छोटी चीर दिली आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडलं. फाडलेलं सुती कापड धाग्यातच सरळ जातं, कात्री वाकडी जाऊ शकते. मावशी एकदम खूश. “आमच्याकडचे जुने कापडवाले असंच फाडायचे,” ती म्हणाली. मी भाषांतर केलं, आणि ती बाई पहिल्यांदा हसली. हिशेब हाताने लिहून दिला. कार्ड चालत नव्हतं. रोख किंवा चेक. वारामागे आमच्या इथल्यापेक्षा दोन-तीन डॉलर कमीच पडले.

एवढ्यात एक जोडपं आत आलं आणि त्यातल्या माणसाने सरळ फोन उंचावून त्या आजी आणि नातींवर धरला. फोटोसाठी उभं राहणं या लोकांच्या श्रद्धेत बसत नाही, हे इथे येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मोठी मुलगी शेल्फच्या मागे गेली. धाकटीला कळलंच नाही, ती तशीच उभी. आजींनी तिचा हात धरून आपल्या पुढ्यात ओढलं आणि भिंतीकडे तोंड केलं. निळं कापड न घेताच त्या गेल्या. मी त्या माणसाला “प्लीज नको” म्हणाले, तर तो खांदे उडवून बाहेर गेला. अजून आठवलं की संताप येतो. माणसं आपल्या झग्याचं कापड घ्यायला आली होती.

दुसऱ्या दिवशी ईस्ट अर्लच्या गुड्स स्टोअरमध्ये दोरा आणि बॅटिंग, म्हणजे क्विल्टच्या आत भरायचा थर, घेतलं. कापड, बूट, हत्यारं सगळं एका छताखाली, साध्या वेषातल्या कुटुंबांची महिन्याची खरेदी तिथे होते. मावशीने तिथून जाड टाक्याच्या सुयाही घेतल्या.

तयार क्विल्ट विकत घेणार असाल तर एकच सांगते: कोणी शिवलं ते नीट विचारा. या भागात १९८० च्या दशकापासून लाओसहून निर्वासित म्हणून आलेल्या ह्मोंग बायकांनी फार मोठ्या प्रमाणावर क्विल्टकाम केलं आहे. कापडावर कापड लावून नक्षी करण्यात त्यांचा हात पिढ्यान्‌पिढ्या बसलेला. पण त्यांचं काम बरेचदा आमिश म्हणूनच विकलं गेलं. आमिश क्विल्ट हवा म्हणून कोणी जास्त पैसे मोजतो, हे मी समजू शकते. पण जिने महिनोन्‌महिने बोटं टोचून घेतली तिचं नाव कुठेच नाही, हे मला सहन होत नाही. गोधडी शिवणाऱ्या बायकांचंही नाव कोणी लिहून ठेवलं नाही.

मार्चमध्ये गॉर्डनव्हिलचा मड सेल असतो. गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलासाठी पैसे उभे करायला चिखलातच लिलाव भरतो आणि घरी शिवलेले क्विल्ट बोलीला येतात. मावशीचं परतीचं तिकीट फेब्रुवारीचं आहे. ते पुढे ढकलता येतं का, हे ती कालपासून विचारते आहे.