एलिकॉट घराण्याचा माग काढताना

पहिला अख्खा दिवस मी चुकीच्या अँड्रूमागे घालवला. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या एलिकॉट घराण्यात आजोबा अँड्रू, मुलगा अँड्रू, नातूही अँड्रू. जोसेफ तर बापलेक दोघे. नातू अँड्रूने १७९१ मध्ये राजधानी वॉशिंग्टनची हद्द मोजली, त्यामुळे नाव शोधलं की तोच आधी पुढे येतो. मला हवा होता त्याचा काका, मधला अँड्रू, गिरणीवाला. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांना गाव आणि कूळ सांगितलं की वहीतून पिढ्या उलगडतात. इथे तो धागा जमिनीच्या दस्तांत सापडतो.

जॉन, अँड्रू आणि जोसेफ हे तिघे भाऊ पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीचे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी), क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे. १७७२ मध्ये त्यांनी पॅटाप्स्को नदीच्या पाण्यावर पिठाची गिरणी घातली. भोवती सगळी तंबाखूची शेती होती. भावांनी शेतकऱ्यांना गव्हाकडे वळवलं, बाल्टिमोरपर्यंत रस्ता केला. ऑलिव्हर इव्हान्स या संशोधकाची नवी यंत्रणाही त्यांनी लवकर बसवली. पट्ट्यावरच्या वाट्या धान्य वरच्या मजल्यावर नेत, पाठीवरून पोती चढवायला नकोत.

गिरणीभोवती वसलेल्या एलिकॉट सिटीला जाणार असाल तर आधी काउंटीचा घोळ समजून घ्या. नदी हीच हद्द आहे. पूर्व काठचे दस्त बाल्टिमोर काउंटीत. पश्चिम काठ आज हॉवर्ड काउंटीत येतो, पण ती काउंटी झाली १८५१ मध्ये. भावांच्या काळातली तिथली खरेदीखतं ॲन अरुंडेलच्या दप्तरात आहेत. मेरीलँडचे जुने दस्त नाव नोंदवून घरबसल्या फुकट वाचता येतात. तेवढं वाचून झाल्यावरच तिकीट काढा. आणखी एक, तिथे जमिनीच्या तुकड्यांनाही नावं असत. ती टिपून ठेवा. मालक बदलला तरी तुकड्याचं नाव पुढच्या दस्तांत भेटत राहतं आणि दोन अँड्रू वेगळे करता येतात.

बायकांचा शोध मात्र जास्त अवघड. १८५० च्या आधीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव. बाकी घर म्हणजे नुसते आकडे. इथे क्वेकरांच्या सभांची इतिवृत्तं कामी येतात. गाव बदलताना दिलेले दाखले, लग्नाच्या नोंदी, पंथाबाहेर लग्न केलं म्हणून काढून टाकलेल्या मुलींची नावं, सगळं त्यांत मिळतं. पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजचं क्वेकर ग्रंथालय त्यासाठी गाठा. तारखा जपून वाचा: १७५२ पूर्वी त्यांचा ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च.

गावात जॉर्ज एलिकॉटचं १७८९ चं दगडी घर जरूर पाहा. पुरापासून वाचवायला ते रस्त्यापलीकडे उंचावर हलवलंय. हा गिरणीवाल्या अँड्रूचा मुलगा. शेजारच्या बेंजामिन बॅनेकर या स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकऱ्याला त्याने खगोलशास्त्राची पुस्तकं आणि उपकरणं वापरायला दिली; पुढे राजधानीच्या मोजणीत नातू अँड्रूच्या हाताखाली हाच बॅनेकर होता. मला घराण्याच्या सगळ्या कागदांत हे नातं सर्वांत मोलाचं वाटतं. पलीकडे ओएलाला बॅनेकरचं संग्रहालय आहे, त्याला अर्धा दिवस द्या.

रेल्वेपुलाच्या भिंतीवर पुरांच्या खुणा आहेत, १८६८ ची सगळ्यांत वर. मान मागे टाकून बघावी लागते. मेन स्ट्रीटवर २०१६ आणि २०१८ मध्येही पाण्याचा लोंढा आला होता, तेव्हा जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर त्या दिवशी राज्याची राजधानी अनापोलिसच्या अभिलेखागारात बसा.