मोठ्या मुलांच्या झोपेचं काय?

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारचा शासन निर्णय आला. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं त्यात म्हटलं होतं. त्याआधी डिसेंबरात तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस मुलांच्या अपुऱ्या झोपेबद्दल जाहीरपणे बोलले होते. निर्णय चांगलाच आहे. चार-पाच वर्षांचं पोर पेंगत व्हॅनमध्ये चढताना बघवत नाही. पण मी शिकवते नववी-दहावीला, आणि त्या निर्णयात माझी मुलं कुठेच नाहीत.

आमची शाळा डोंबिवलीतली. इमारत एक, सत्रं दोन: सकाळी माध्यमिक, दुपारी प्राथमिक. सातला प्रार्थना, परिपाठ, आणि मग पहिला तास माझा, विज्ञानाचा. प्रकाशाचं परावर्तन फळ्यावर काढून मागे वळते तेव्हा समोर हाताच्या तळव्यांवर टेकलेल्या हनुवट्या दिसतात. डोळे उघडे, पण आत काही पोचत नसतं. हाच वर्ग मधल्या सुट्टीनंतर प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडतो. त्यामुळे कुणी या मुलांना आळशी म्हटलं की मला मनापासून राग येतो.

वयात येताना शरीराचं झोपेचं घड्याळ पुढे सरकतं. झोपेची वेळ झाल्याचा इशारा देणारं मेलाटोनिन या वयात रात्री उशिरा स्रवायला लागतं. अमेरिकेत मेरी कार्स्काडन यांनी कित्येक दशकं यावर संशोधन केलं आहे. मोबाइलमुळे भर पडते हे खरंच, पण मोबाइल काढून घेतला म्हणून पंधरा वर्षांचा मुलगा नऊला झोपी जाईल असं नाही. आणि या वयाला झोप लागते आठ ते दहा तास.

आता आमच्याकडचा हिशोब बघा. व्हॅन सव्वासहाला, म्हणजे साडेपाचला उठायचं. आठ तास हवे असतील तर साडेनऊला डोळा लागायला हवा. साडेनऊला डोंबिवलीत काय चालू असतं? मुलं नुकतीच क्लासहून आलेली असतात. आई-बाबा मुंबईहून लोकलचे धक्के खात घरी पोचून जेमतेम तासभर झालेला असतो. पानं वाढली जातात दहाला, आणि गृहपाठ त्याच्याही नंतर.

अमेरिकेतल्या सिएटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ ७:५० वरून ८:४५ केली. तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी बदलाआधी आणि बदलानंतर, दोन शाळांतल्या मुलांच्या मनगटांवर यंत्रं बांधून झोप मोजली. शाळेच्या दिवशी ती साधारण ३४ मिनिटांनी वाढली होती. ‘शाळा उशिरा केली की मुलं रात्री आणखी जागतील’ ही भीती तिथे खरी ठरली नाही. गरीब वस्तीतली मुलं जिथे जास्त होती, त्या शाळेत हजेरीही सुधारली. कॅलिफोर्नियात तर कायदाच झाला. २०२२ पासून तिथल्या हायस्कुलांना साडेआठच्या आधी शाळा भरवता येत नाही.

आपल्याकडे गाठ बसली आहे ती जागेची. लहान मुलांना नऊनंतरची वेळ बंधनकारक झाली, म्हणजे दोन सत्रांच्या इमारतीत दुपार त्यांच्याच वाट्याला आली. उरलेली सकाळ मोठ्यांची. ज्या वयाला सकाळ सगळ्यात जड जाते, नेमकं तेच वय सातच्या सत्रात कायमचं अडकलं. सत्रं उलटी करण्याचा मार्ग आता बंद आहे. तो उघडा असता तरी क्लासवाल्यांनी सकाळी सातची बॅच काढली असती, असं आमच्या शिक्षकखोलीत सगळ्यांचं मत आहे, आणि ते मलाही पटतं. खरा उपाय म्हणजे जादा वर्गखोल्या आणि एकच सत्र. त्याला पैसा लागेल. मुलांच्या आरोग्यावरचा खर्च म्हणून सरकारने आणि संस्थांनी तो करायला हवा, आणि पुढच्या शासन निर्णयात पाचवी ते दहावीचाही विचार हवा.

तोवर शाळेच्या हातात जे आहे ते तरी करूया. घटक चाचण्या पहिल्या तासाला नकोत, त्या मधल्या सुट्टीनंतर घ्याव्यात. गणित आणि विज्ञान रोज पहिल्या तासाला येऊ नयेत. खेळाचा तास सकाळी आधी ठेवला तर मुलं उजेडात, मोकळ्या हवेत येतील. वेळापत्रक जूनआधी ठरतं, म्हणून हे सगळं लिहून मुख्याध्यापिकाबाईंकडे दिलं आहे. पालकसभेत क्लासच्या वेळांचा विषयही काढणार आहे: शेवटची बॅच आठला सुटावी, यासाठी पालकांनी मिळून क्लासवाल्यांशी बोलावं. एकट्या पालकाचं तिथे कुणी ऐकत नाही.