पाचशे ग्रॅम म्हणजे नक्की किती?

"दुकान कुठं आहे तुमचं?"

दुकान नाही म्हटलं.

"मग वजन कशाला तपासायचंय?"

पिस्तुलाचा ट्रिगर मोजायचाय, असं मी बोलून बसलो आणि वजनमापाच्या सरकारी कचेरीतल्या त्या माणसानं खुर्ची चार बोटं मागं सरकवली. एअर पिस्तूल आहे, छऱ्याचं आहे, स्पर्धेचं आहे, .१७७ बोअरच्या या हवेच्या पिस्तुलाला परवाना लागत नाही, सगळं सांगून झालं. उपयोग शून्य. शिक्का फक्त व्यापाऱ्याच्या वजनावर. हे उत्तर मिळवायला मी तीन चकरा मारल्या. पहिल्या दिवशी साहेब दौऱ्यावर, दुसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी साडेतीनपर्यंत चाललेली, तिसऱ्या दिवशी वरचा संवाद. मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन, स्कूटरच्या डिकीत रुमालात गुंडाळलेलं अर्धा किलोचं लोखंडी वजन, आणि मी.

आता मुळापासून सांगतो. दहा मीटर एअर पिस्तूलमध्ये ट्रिगरचं वजन, म्हणजे तो सुटायला लागणारा जोर, किमान ५०० ग्रॅम असावा लागतो. त्याहून जड चालेल, हलकं चालत नाही. आणि नेमबाजाला तर हलकंच हवं असतं. बोट ओढताना जितका जोर कमी, तितकं मनगट कमी हलतं, आणि समोर दहा गुणांचं वर्तुळ असतं साडेअकरा मिलिमीटरचं. म्हणून सगळे पाचशेच्या अगदी काठावर ट्रिगर लावतात. मीही लावला.

माझ्या पिस्तुलाचा ट्रिगर दोन टप्प्यांचा आहे. पहिला टप्पा नुसता सैल सरकतो, मग बोटाला भिंत लागते, आणि थोड्या जास्त दाबानं ती भिंत तुटते. दोन्ही टप्प्यांना वेगळे स्क्रू. मी पहिला जड ठेवून दुसरा अगदी हलका केला. पाव पाव फेरा फिरवत दोन रविवार गेले, पण जमलं. (सीअरच्या, म्हणजे गोळी सुटेपर्यंत अडवून धरणाऱ्या खटक्याच्या, स्क्रूला हात लावू नका. मी लावला होता, तो किस्सा नको.)

मोजायला वजन दिलं बायकोच्या मामांनी. त्यांचं बाळीवेसेत किराणा दुकान होतं, कधीच बंद केलं, पण तराजू-वजनं माळ्यावर जपून ठेवलेली. त्या अर्ध्या किलोला मी तारेचा आकडा बांधला, पिस्तूल नळी वर करून धरलं, ट्रिगरला आकडा अडकवून वजन टेबलावरून उचललं. उचललं गेलं, ट्रिगर सुटला नाही. दहा वेळा केलं, दहाही वेळा पास. रात्री झोप छान लागली.

पुण्याची स्पर्धा. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली, दुपारी साहित्य तपासणीच्या रांगेत उभा राहिलो. पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं, दीड किलोच्या आत भरलं. मग ट्रिगर. तपासनीस बाईंनी पिस्तुलात हवा भरलेली आहे ना, कॉक केलंय, म्हणजे झाडायला तयार आहे ना ते बघितलं आणि वजन उचललं. फस्स, ट्रिगर सुटला. दुसऱ्यांदा, फस्स. तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा वजन टेबल सोडून जेमतेम वर आलं, मी श्वास सोडणार तेवढ्यात, फस्स.

"बाजूला जाऊन ठीक करा, मग परत या." त्या शांतपणे म्हणाल्या. माझं डोकं मात्र तापलं. तुमचंच वजन जड असेल, असं मी त्यांना चक्क म्हणालो. आता आठवलं की लाज वाटते. मागं कोल्हापूरची दोन पोरं उभी होती, त्यांचा ट्रिगर पहिल्या फटक्यात पास. नेमबाज राही सरनोबत आणि स्वप्नील कुसाळेंच्या जिल्ह्यातली पोरं ती, त्यांना काय!

कोपऱ्यात बसून स्क्रू अर्धा फेरा घट्ट केला, पुन्हा रांग, पास. पण तो आता माझा ट्रिगर राहिला नव्हता. भिंत लागायची आणि तुटायचीच नाही. बोट वाट बघत बसायचं, तोवर साइट हललेली. साठ शॉटमध्ये नेहमीपेक्षा चौदा गुण कमी. घाबरून अर्धा फेरा फिरवू नका. पावसुद्धा जास्त होतो.

परतीच्या गाडीत कुर्डुवाडीपर्यंत एकच विचार: माझं वजन बरोबर की त्यांचं? म्हणून त्या कचेरीच्या चकरा.

सुटका झाली ती सराफाकडं. एका ओळखीच्या पेढीवर गेलो, म्हटलं, मालक, एवढं मोजून द्या. त्यांनी मिलिग्रॅमचा काटा बाजूला ठेवला, मोठा काढला, आणि वजन ठेवायच्या आधी ते उलटं करून बघितलं.

"मालक, ह्याचं शिसं कुठाय?"

लोखंडी वजनाच्या बुडाला भोक असतं, त्यात शिसं भरून वजन बरोबर करतात आणि शिक्काही त्या शिशावरच मारतात. माझ्या वजनाचं भोक रिकामं होतं. काट्यावर आलं ४८९ ग्रॅम. तारेचा आकडा ३. म्हणजे घरी मी ४९२ ग्रॅमला पास होऊन खूश होत होतो. कचेरीतल्या माणसानं ते नुसतं हातात घेतलं असतं तरी त्याला दिसलं असतं. त्यानं रुमालसुद्धा सोडला नाही.

आणखी एक चूक सराफानं नाही, नंतर मीच शोधली. आकडा मी ट्रिगरच्या वरच्या टोकाला, तो ज्या खिळीवर फिरतो तिच्याजवळ अडकवत होतो. तिथं तरफ कमी पडते, म्हणून ट्रिगर आहे त्यापेक्षा जड वाटतो. नियमाप्रमाणे वजन ट्रिगरच्या मध्यावर हवं. आता मी सराफाच्या काट्यावर आकड्यासकट बरोबर ५०० भरेल अशी पितळी वजनांची जोडणी करून घेतलीय आणि ट्रिगर ५१५ ला ठेवतो. शेवटची सिरीज (शॉटची फेरी) संपल्यावरही अचानक तपासतात, त्यात नापास झालात तर थेट बाद, हे विसरू नका. पंधरा ग्रॅमनं बोटाला काही कळत नाही, आठ दिवसांत सवय होते.

हे ऐकून आमच्या क्लबातले एक निवृत्त फौजदार म्हणाले, माझ्या .३२ रिव्हॉल्व्हरचाही ट्रिगर हलका करून द्या की. ते अंगठ्यानं हॅमर (काडतुसावर ठोका देणारा घोडा) मागं ओढून सिंगल ॲक्शननंच मारतात, तरी ट्रिगर दगडासारखा. यंत्रमागाच्या मेकॅनिककडून स्प्रिंग कापून घ्यायचा त्यांचा बेत होता. हात जोडले. एक तर परवान्याचं हत्यार दुरुस्त करायलाही दुरुस्त करणाऱ्याकडं परवाना लागतो, १९५९ च्या शस्त्र कायद्यात तसं स्पष्ट आहे. दुसरं, मुख्य स्प्रिंग कापली की हॅमरचा ठोका मंदावतो आणि ऐन स्पर्धेत काडतूस पेटतच नाही. आणि २५ मीटर सेंटर फायरला, म्हणजे अशा काडतुसाच्या पिस्तुलांच्या स्पर्धेला, किमान मर्यादा हजार ग्रॅमची, आमच्या दुप्पट. तिथंही मोजायला खरं वजन लागणारच.

वजन मामांना परत द्यायला गेलो. उलटं करून रिकामं भोक दाखवलं, अकरा ग्रॅम कमी भरलं म्हटलं. मामा बराच वेळ वजन हातात तोलत बसले. बावीस वर्षं त्यांनी ह्याच अर्ध्या किलोनं तूरडाळ मोजली होती.

"सराफाचा काटाच खोटा असणार," ते म्हणाले, आणि वजन पुन्हा माळ्यावर चढवलं.