एक जूनचा चाकू

रविवारची दुपार, जेवण जरा जड झालेलं, आणि मी खिडकीपाशी भिंग घेऊन ठिपके मोजत बसलो होतो. घडीच्या चाकूचं पातं उघडलं की धार संपते आणि मूठ सुरू होते तिथे करंगळीच्या नखाएवढी सपाट जागा असते. निसण्यावर पातं कितीही घासा, ती जागा सहसा झिजत नाही. कारखान्याचा शिक्का तिथेच असतो. ‘केस एक्सएक्स, यू.एस.ए.’ आणि त्याखाली ठिपक्यांची ओळ.

“किती निघाले?” तांदळातल्या खड्यांची चौकशी करावी तसं बायकोने विचारलं.

“सात.”

“चांगलं की वाईट?”

“त्र्याहत्तर.”

ती आत निघून गेली. मला सहा हवे होते. माझं साल चौऱ्याहत्तर.

केस ही पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डची कंपनी. १९७० साली त्यांनी शिक्क्याखाली दहा ठिपके उमटवायला सुरुवात केली आणि दर वर्षी एकेक कमी करत नेला. एकाहत्तरला नऊ, बहात्तरला आठ, असं करत एकोणऐंशीला एकच उरला. १९८० मध्ये नावातल्या ‘एस’ला विजेसारखे टोकदार कोपरे दिले आणि पुन्हा दहापासून खाली. वय मोजायची ही उतरती रीत मला पसंत आहे, पन्नाशी ओलांडल्यापासून तर फारच. त्या गावाच्या पाण्यातच काहीतरी असावं, कारण तिथलीच झिपो लायटरवाली कंपनीसुद्धा लायटरच्या बुडाला ठिपके नि रेघा मारायची आणि वर्षागणिक कमी करायची. १९९३ मध्ये झिपोने केसला विकतच घेतलं. दोघांचं मिळून एक संग्रहालय आहे. पोट सुटलेले पुरुष तिथे कपाटांच्या काचांना नाक लावून उभे असतात. मीही असतो.

शिक्क्याच्या जोडीला एक आकडाही असतो. ६२५४ म्हणजे पहिला सहा मुठीचा, हाडाची मूठ. दोन म्हणजे दोन पाती. चोपन्न हा चाकूचा घाट, ज्याला ‘ट्रॅपर’ म्हणतात. पहिला आकडा तीन असेल तर मूठ पिवळी, प्लास्टिकसारखी. आणि पाच असेल तर साबरशिंगाची. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला आजीचं फडताळच आठवलं. तिथे साबरशिंगाचा एक बोटभर तुकडा होता. छातीत दुखलं की ती तो सहाणेवर उगाळून लेप लावायची, आणि लेप वाळला की कातडी अशी ओढली जायची की मूळ दुखणं विसरायला व्हायचं. तेच शिंग अमेरिकेत शेतकऱ्यांच्या, शिकाऱ्यांच्या खिशात मुठी होऊन फिरत होतं आणि जात होतं आपल्याकडच्या जंगलांतून. गेल्या शतकाच्या अखेरीला भारताने ती निर्यात बंद केली. तेव्हापासून पाच आकड्याच्या जुन्या चाकूंना भाव आला. हाडाचंही तसंच. हल्ली केसच्या मुठींना लागतं ते ब्राझीलमधल्या झेबू गुरांच्या नडगीचं हाड, आणि ब्राझीलची ही गुरं मूळची कुठली? गीर, नेल्लोर, कांकरेज. म्हणजे मी इथे डॉलर मोजून विकत घेतो त्यात थोडं माहेरचंच असतं, असं मी बायकोला एकदा समजावून पाहिलं. तिने विचारलं, मग तुला पावती दिल्लीहून हवी का.

आजोबांच्या चाकूवर कुठलाच शिक्का नव्हता. शिसवी मूठ, गावच्या लोहाराने केलेलं पातं, आणि धार लावून लावून ते पातं असं निमुळतं झालं होतं की मिटल्यावर मुठीत मोकळी जागा राहायची. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. मे महिन्यात वाईजवळच्या गावी गेलो की मला अनवाणी हिंडायचं असायचं आणि बाभळीला माझी वाट बघायची असायची. काटा रुतला की अण्णांच्या मांडीवर पाय टाकून कट्ट्यावर बसायचं. ते बंडीच्या खिशातून चाकू काढत, नखाच्या खाचेत नख घालून उघडत आणि काहीतरी भलताच प्रश्न विचारत. “साडेतेरा दुणे किती रे?” मी हिशेबात अडकलो की टोक आत गेलेलं असायचं. काटा तळहातावर ठेवून मला दाखवत. मग तेच पातं धोतराला पुसून पेरू चिरायचे, मिठाची पुडीही त्याच खिशात. आज माझ्या मुलीला हे सांगितलं तर ती आधी धोतर किती स्वच्छ होतं ते विचारेल. उत्तर मला माहीत आहे, म्हणून सांगत नाही.

अण्णा चाकू कुणाच्या हातात देत नसत. मागितला तर मिटून कट्ट्यावर ठेवायचे, आपण उचलायचा. हातातून हातात दिला तर भांडण होतं, असं आजीचं शास्त्र, आणि कात्री वाजवण्याबद्दलही तेच. मला वाटायचं हे आमच्या घरापुरतं. मग ॲडम्सटाउनच्या रविवारच्या जुन्या बाजारात एका म्हाताऱ्या विक्रेत्याने माझ्याशी तासभर गप्पा मारल्या आणि निघताना एक लहानसा बार्लो घाटाचा चाकू नुसताच दिला, बक्षीस. मी आभार मानले तर त्याने हात पुढे केला, “पेनी दे.” चाकू भेट दिला की मैत्री तुटते, म्हणून घेणाऱ्याने एक पेनी तरी टेकवायची, म्हणजे तो सौदा झाला, भेट नाही. आणि दुसऱ्याने उघडलेला चाकू आपण मिटायचा नाही, ज्याने उघडला त्यानेच मिटायचा, हेही त्यानेच शिकवलं. गेल्या २०२५ च्या नोव्हेंबरात फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने चलनातली शेवटची पेनी पाडली. आता मैत्र्या कशा टिकवणार कोण जाणे. मी बरणीभर पेन्या बाजूला ठेवल्या आहेत.

बाबा इथे आले तेव्हा मी त्यांना सगळा संग्रह मांडून दाखवला. त्यांनी प्रत्येक चाकू हातात घेतला, उघडला, मिटला. घडीचा चांगला चाकू उघडताना आणि मिटताना खट्‌ असा पक्का आवाज होतो. इथले शौकीन त्याला चाकूचं ‘चालणं-बोलणं’ म्हणतात आणि आवाज मऊ आला तर भाव पाडतात. बाबांनी किमती विचारल्या, मी अर्ध्या करून सांगितल्या, तरी ते गप्प झाले. मग एक कधीच न वापरलेला, साठीच्या दशकातला, पात्यावरची कोरीव अक्षरंही शाबूत असलेला चाकू उचलून त्यांनी विचारलं, “याने कुणी काही कापलंय की नाही?” मी अभिमानाने म्हणालो, नाही. त्यांनी टेबलावरचं सफरचंद घेतलं आणि शांतपणे चार फोडी केल्या.

कोऱ्या पात्यावर फळाचा आंबट रस म्हणजे शौकिनांच्या लेखी पापच. जुनं पोलाद लगेच निळसर डाग धरतं, आणि किंमत तिथेच उतरते. पण फोड छान पातळ निघाली होती. तेव्हापासून माझा नेम झाला: घरात आलेल्या प्रत्येक चाकूने एकदा तरी फळ चिरायचंच, मग तो तीस डॉलरचा असो की तीनशेचा. पुन्हा विकताना हे लपवता येत नाही. मी विकतही नाही.

तर बाबांच्या सालचा चाकू शोधायचा होता. इथे खरी पंचाईत. केसच्या चाकूवर ठिपके सत्तरपासून. त्याआधी पासष्ट ते एकोणसत्तर नुसतं ‘यू.एस.ए.’, आणि त्याच्याही आधी १९४० ते १९६४, तब्बल पंचवीस वर्षं, एकच शिक्का, ‘केस एक्सएक्स’. त्यात साल शोधायचं तर मुठीकडे वळायचं. हिरवट झाक असलेलं हाड असेल तर पंचावन्नच्या आसपास किंवा त्याआधीचा. खरबरीत काळी मूठ असेल तर महायुद्धामुळे हाडाचा तुटवडा झाला तेव्हाची किंवा लगेच नंतरची. याहून नेमकं कुणी सांगायला लागला की मी पाकीट खिशात ठेवतो. आजोबांच्या पिढीसाठी तर ‘टेस्टेड एक्सएक्स’ असा १९२० ते १९४० चा शिक्का, त्याआधी तऱ्हेतऱ्हेचे. म्हणजे मी वर्षाला नेमका, बाबा पंचवीस वर्षांच्या पोत्यात, आणि अण्णा सगळाच अंदाज. आमच्या घराण्याच्या नोंदीही याहून वेगळ्या नाहीत.

बाबांची शाळेतली तारीख १ जून १९४२. तुमच्याही घरात एक जूनवाले असतीलच, त्यामुळे मास्तरांनी हे का केलं ते सांगत बसत नाही. बाबांच्या कचेरीत ३१ मेला एवढे लोक एकदम निवृत्त व्हायचे की निरोप समारंभाला नारळ आदल्या आठवड्यातच आणून ठेवावे लागत. आजीचं म्हणणं वेगळं होतं. बाबा झाले ते पत्री सरकारच्या धामधुमीत, भात काढणीला आलं होतं, आणि सुईणीला रात्री आणायला जायची सोय नव्हती. पत्री सरकार त्रेचाळीसनंतरचं. म्हणजे मास्तरांनी बाबांना वर्ष-दोन वर्षं मोठं केलं, आणि पुढे सरकारने तेवढीच वर्षं आधी घरी बसवलं. आजीला स्वतःचं साल विचारलं तर ती हसायची. पण चाकूपुरता प्रश्न सुटला. शाळा खरी धरा की आजी, शिक्का तोच, ‘केस एक्सएक्स’.

तसे शिक्केही काही देवाची वाणी नव्हेत. कारखान्यात जुनी पाती उरलेली असत, ती नव्या मुठींत बसवून खपवली जात, मग एकाच चाकूत दोन सालं नांदतात. मूठ फुटली म्हणून कुणी दुसरी चढवतो. कुणी लबाड स्वस्त चाकूचा शिक्का घासून भारीतला मारतो. सेल्युलॉइडच्या जुन्या मुठींचा तर वेगळाच तऱ्हेवाईकपणा: त्या आतून नासायला लागल्या की त्यांतून निघणारा वायू शेजारच्या चाकूंची पाती गंजवतो. त्यांना वेगळ्या डब्यात ठेवावं लागतं. असे एक नातेवाईक आमच्याकडेही होते. उलट अमेरिकन सैन्याचा स्टीलचा चाकू घ्या, कॅमिलस कंपनीचा. मुठीवर ‘यू.एस.’ आणि पात्याच्या बुडाशी सरळ साल छापलेलं. प्रामाणिक आणि कंटाळवाणा. माझ्याकडे आहे, डबे उघडायला वापरतो.

हा सगळा धंदा इथे फोफावला त्याला एक जकातही कारण झाली. १८९० साली मॅकिन्ली या अमेरिकन राजकारण्याच्या कायद्याने परदेशी मालावर भारी कर बसवले. त्याआधी अमेरिकन खिशात इंग्लंडातल्या शेफिल्डचा चाकू असायचा, नंतर तो परवडेना. शेफिल्डचं कंबरडं मोडलं, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या वॉल्डनसारख्या गावांत, जिथे शेफिल्डचे कारागीर आधीच येऊन बसले होते, चाकूंचे कारखाने जोमात आले. त्या जकातीने आणखी एक केलं: बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं भाग पडलं. त्यामुळे पात्यावर ‘इंग्लंड’ दिसलं की आम्ही डोळे मिटून १८९१ नंतरचा म्हणतो. राजकारण्यांनी इतिहासकारांची केलेली ही एवढीच सेवा असावी.

पुढे तीच गावं ओस पडली. वॉल्डनमध्ये सुरू झालेल्या श्रेड या चाकू कंपनीचा एलेनव्हिलचा कारखाना ३० जुलै २००४ ला बंद झाला. कॅमिलस २००७ मध्ये गेलं. श्रेडचा एखादा जुना चाकू दाखवून विचारलं की हा कधीचा, तर शौकीन खांदे उडवतात, सत्तेचाळीस ते त्र्याहत्तर काहीही म्हणतात. कारखाना मेला तो दिवस मात्र वारासकट माहीत. शुक्रवार होता.

बाबा गेले तेव्हा मी पुण्यात होतो. रुग्णालयाच्या कागदावर मृत्यूची वेळ मिनिटापर्यंत लिहिलेली होती. खिडकीमागच्या मुलीने मान वर न करता जन्मतारीख विचारली. मागे रांग होती. मी एक जून सांगितली.