मीटर फिरवलेला नाही, हे सिद्ध करताना

गाडी विकायला काढली तेव्हा किमतीवरून घासाघीस होणार हे धरूनच चाललो होतो. पण पहिल्याच खरेदीदाराने सर्व्हिस हिस्टरी काढून आणली आणि दोन ओळींवर बोट ठेवलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६४,३१० किलोमीटर. जुलै २०२२ मध्ये ५३,८४०. "मीटर मागे घेतलाय," एवढं म्हणून तो निघून गेला. दुसरा एक डीलर जास्त गोड बोलला: "आम्ही मोठा आकडा धरून हिशेब करतो." म्हणजे मीटरवर ७२ हजार दिसत असताना गाडी ९० हजार चालली असं समजायचं आणि भाव तसा पाडायचा.

मी खोटं बोलत नाही, हे सांगून काही उपयोग नसतो. मीटर फिरवणाराही तेच सांगतो. म्हणून आधी सगळ्या नोंदी तारखेप्रमाणे एका कागदावर उतरवल्या. मार्च २०२१ ला ३८,९२०, मग ते ६४,३१०, मग ५३,८४०. मधला आकडा खरा धरला तर आठ महिन्यांत पंचवीस हजारांवर रनिंग होतं, आणि त्या काळात गाडी बहुतेक घराखालीच उभी होती. हिशेब लिहिणारे लोक एक जुनी युक्ती वापरतात: शेजारशेजारचे दोन अंक उलटे पडले, की चूक आणि बरोबर यांतला फरक ९ ने निःशेष भागला जातो. ६४ चे ४६ करून पाहिले. ४६,३१०. फरक १८,०००. आता ३८,९२०, ४६,३१०, ५३,८४० अशी रांग लागली, दर वेळी साडेसात हजारांच्या आसपास. कोणीतरी टाइप करताना अंक उलटे टाकले होते आणि पुढच्या वेळी आकडा कमी भरला जातोय, याची त्या कॉम्प्युटरला काहीही पडली नव्हती.

हा अंदाज झाला. पुरावा सर्व्हिस सेंटरकडे होता. तिथे पहिलं उत्तर ठरलेलंच: "बिल क्लोज झालंय, आता एडिट होत नाही." मी बिलाचा विषयच सोडला आणि त्या दिवसाचं जॉब कार्ड मागितलं. गाडी आत घेताना ॲडव्हायझर मीटर आणि पेट्रोलचा काटा बघून हाताने लिहितो आणि आपली सही घेतो, तो कागद. फायलीत तो निघाला. त्यावर स्वच्छ अक्षरात ४६३१० आणि खाली माझी सही. त्यानंतर मॅनेजरचा सूर बदलला.

त्यांच्याकडून मी दोन गोष्टी मागितल्या: सिस्टीममधली दुरुस्ती आणि लेटरहेडवर पत्र. नुसतं "चूक झाली" असं मोघम पत्र कामाचं नसतं. गाडीचा नंबर, चासी नंबर, जॉब कार्डचा नंबर, तारीख, चुकीचं रीडिंग, बरोबर रीडिंग, सही, शिक्का, हे सगळं हवं. पहिल्या पत्रात चासी नंबर नव्हता, ते परत करून घेतलं. बाहेर जे हिस्टरी रिपोर्ट मिळतात ते अशाच नोंदी उचलून दाखवतात, त्यामुळे चूक जिथे भरली तिथूनच दुरुस्त व्हावी लागते.

जोडीला डायग्नॉस्टिक स्कॅन, म्हणजे गाडीला मशीन जोडून आतल्या नोंदी वाचणं, तेही करून घेतलं. बऱ्याच गाड्यांत किलोमीटरचा आकडा डॅशबोर्डच्या मीटरखेरीज इतर कंट्रोल युनिटमध्येही (गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये) साठलेला असतो. माझ्या गाडीत तो जुळला. अर्थात हा काही ब्रह्मदेवाचा लेख नाही. मुरलेले लोक तिथेही आकडे बदलतात. म्हणून टायर बदलल्याचं बिल आणि विम्याच्या वेळी काढलेला मीटरचा फोटोही लावला, कारण ते वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या कारणासाठी झालेले कागद होते. ॲव्हरेज काढायला मी पेट्रोल भरताना रीडिंग वहीत टिपतो. त्या वहीवरून घरी माझी भरपूर चेष्टा होते. पण तिचा पुरावा म्हणून फारसा भाव नाही, कारण अशी वही कोणीही रात्रीत बसून लिहू शकतो.

त्यानंतर जो कोणी चौकशीला आला, त्याला चूक मी आधीच सांगितली आणि कागद पुढे ठेवले. काहींना तेवढंही नको होतं, ते परत आले नाहीत. ज्याने घेतली त्याने मात्र वेगळीच तपासणी केली. क्लच, ब्रेकचे पेडल, स्टिअरिंगची झीज बघितली, टायरवरचे तारखेचे चार अंक वाचले (पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे) आणि ते टायरच्या बिलाशी ताडून पाहिले. मग किमतीवर आला, आणि तिथे त्याने घासाघीस केलीच.

विक्रीच्या करारात त्या दिवसाचं रीडिंग लिहिलं, दोघांनी मीटरचा फोटो काढला आणि दुरुस्तीच्या पत्राचा उल्लेख केला. मूळ पत्र त्याच्याकडे दिलं, झेरॉक्स माझ्याकडे ठेवली. सर्व्हिस सेंटरच्या सिस्टीममध्ये आकडा बदलला होता, पण बाहेरच्या एका रिपोर्टवर तोवर जुनाच दिसत होता, आणि गाडी पुढे विकताना ते पत्र त्यालाच लागणार होतं.