विंडोज १० ची मुदत संपली तेव्हा

मी कराडला घरीच डीटीपीचे काम करते. लग्नपत्रिका, स्मरणिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल अशी ती कामे असतात. विंडोज १० ची सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबणार, ही सूचना पडद्यावर कित्येक महिने येत होती आणि मी ती तितक्याच नियमाने बंद करत होते. माझा संगणक २०१६ चा असून सहाव्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा आहे. विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. नियमाला बगल देऊन ते बसवता येते, असे ओळखीच्या एकाने सुचवले. परंतु अशा यंत्राला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणजे ज्यासाठी खटाटोप करायचा तेच बेभरवशाचे.

‘अँटिव्हायरस आहे ना, मग कसली काळजी?’ असे घरात विचारले गेले. अँटिव्हायरस ओळखीच्या चोराला अडवतो, पण भिंतीला पडलेले भगदाड बुजवत नाही. शिवाय विंडोज ११ साठी दर महिन्याला दुरुस्ती येते, तिच्यावरून दोष नेमका कुठे होता हे जाणकार हल्लेखोराला ताडता येते, आणि तोच दोष जुन्या विंडोजमध्ये तसाच उघडा राहिलेला असू शकतो. मे २०१७ मध्ये फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय व्हायरसने ज्या दोषाचा फायदा घेतला, त्याची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले, आणि २०१४ मध्येच मुदत संपलेल्या विंडोज एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टला हल्ल्यानंतर अपवाद म्हणून दुरुस्ती द्यावी लागली.

घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव सुरक्षा-अपडेटची सोय आहे, असे कळल्यावर मी प्रथम तिच्या मागे लागले. ३० डॉलर भरायचे नसतील तर सेटिंगचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडला तरी चालते. नोंदणीचा दुवा मात्र काही केल्या दिसेना. माझे विंडोज १० हे २१एच२ या जुन्या आवृत्तीवरच थांबलेले होते आणि या सोयीला २२एच२ ही आवृत्ती लागते, हे शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या. सी ड्राइव्हमधल्या जुन्या स्मरणिकांच्या फायली हलवून जागा केली, तेव्हा कुठे ते बसले.

ही मुदत एका वर्षाचीच असल्याने लिनक्स मिंट या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीकडे वळणे भाग होते. अडचण माझ्या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरची होती. ते डाँगलवर, म्हणजे संगणकाला जोडायच्या परवाना-किल्लीवर चालते, मिंटमध्ये चालत नाही, आणि त्यात जुळवलेला पंधरा वर्षांचा मजकूर युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत नसल्यामुळे दुसरीकडे उघडला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्यामुळे विंडोज पुसून टाकण्याचा उपदेश मला लागू नव्हता. मी नवी एसएसडी डिस्क घेतली, जुनी डिस्क काढून ठेवली आणि मिंट नवीवर बसवले. चूक झालीच तर कामाच्या फायलींना धक्का लागू नये, एवढाच हेतू.

दोन्ही डिस्क जोडल्यावर मिंटमधून विंडोजच्या फायली वाचता येत होत्या, पण त्यांत काही साठवता येत नव्हते. विंडोजमधले ‘फास्ट स्टार्टअप’ सुरू असले की संगणक बंद केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, हे त्याचे कारण निघाले. तो पर्याय काढताच प्रश्न मिटला. माझ्या सवयीचा इन्स्क्रिप्ट हा मराठी कळफलक मिंटमध्ये असल्याने बोटांना नवे काही शिकावे लागले नाही.

आता बँक, मेल आणि ग्राहकांचे निरोप मिंटमध्येच पाहते. विंडोज फक्त अक्षरजुळणीसाठी उघडते आणि तेव्हा नेटची केबल काढलेली असते. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी येते, म्हणून त्यानंतरच्या बुधवारी तेवढी केबल जोडून अपडेट उतरवून घेते. ऑक्टोबर २०२६ नंतर तीही जोडणार नाही.

धोक्याची एक वाट तरीही उरते, ती म्हणजे ग्राहकांचे पेन ड्राइव्ह. ते आता आधी मिंटमध्ये उघडते. मागच्या महिन्यात एका पत्रिकेचा मजकूर घेऊन आलेल्या गृहस्थांच्या ड्राइव्हमध्ये खऱ्या फोल्डरशेजारी त्याच नावाची, ‘एलएनके’ शेपटीची, म्हणजे उघडताच व्हायरस सुरू करू शकणारी शॉर्टकट फाइल दिसली. विंडोजमध्ये खरे फोल्डर लपलेले राहिले असते आणि मी सवयीने त्या फाइलवरच दोनदा टिचकी मारली असती.